वाशिष्ठीचं खातं

मे महिन्यात कधी चिपळूणला आलात तर नदी बघून जा. कोकणातले बाकीचे वहाळ, पऱ्ये तोपर्यंत आटून नुसते धोंडे उघडे पडलेले असतात, विहिरींनी तळ गाठलेला असतो, आणि इथे वाशिष्ठी मात्र भरलेली. बरं, नुसती भरलेली नाही, ती चढते-उतरते. आभाळात ढगाचा तुकडा नाही आणि पिंपळी-खडपोलीकडे पाणी वर येतं, काही तासांनी परत खाली जातं. गोवळकोटच्या बाजूला भरती येतेच, पण वरच्या अंगाला जे चढतं त्याचा अमावस्या-पौर्णिमेशी काही संबंध नाही. त्याचा संबंध आहे मुंबई-पुण्यात संध्याकाळी एकदम लागणाऱ्या दिव्यांशी आणि एसीशी. विजेची मागणी वाढली की कोयनेची मशीनं चालू करतात आणि त्यांच्यातून गेलेलं पाणी आमच्या नदीत येतं. आम्ही त्याला अवजल म्हणतो.

हे पाणी मुळात आमचं नाहीच. कोयना ही कृष्णेची उपनदी, तिने घाटावरून कऱ्हाडला जाऊन कृष्णेला मिळायचं. पण सह्याद्रीच्या पोटातून बोगदे काढून तिचं पाणी पश्चिमेला वळवलं, उंचावरून पोफळीच्या टर्बाइनवर सोडलं, मग कोळकेवाडीच्या धरणात अडवून तिथून खाली येताना त्यातून परत एकदा वीज काढली. एकेक टप्पा वाढत आज प्रकल्पाची क्षमता 1960 मेगावॅट झालीये. चौथ्या टप्प्यासाठी 1999 साली कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या तळाशी स्फोट करून पाणी बोगद्यात घेतलं, लेक टॅपिंग म्हणतात ते, आणि ते आपल्या इंजिनियर लोकांनी करून दाखवलं. मला त्याचा मनापासून अभिमान आहे, हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल ही बाई प्रकल्पांच्या विरोधातली आहे. तसं नाहीये.

तर घाटाच्या वर या पाण्याचा हिशोब किती काटेकोर आहे बघा. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाच्या 1976 च्या निवाड्यात कोयनेचं पाणी विजेसाठी वर्षाला 67.5 टीएमसीपर्यंतच पश्चिमेला नेता येईल असं बांधून दिलंय. एक टीएमसी म्हणजे साधारण 2831 कोटी लिटर. त्याच्या दशांशावरून राज्याराज्यांत भांडणं होतात. आणि तेच पाणी कोळकेवाडीच्या खाली आलं की त्यातलं थोडं एमआयडीसी घेते, थोडं शहर आणि गावं घेतात, आणि उरलेलं सगळं दाभोळच्या खाडीतून समुद्रात. वाटेत त्याने कुणाची भाजी पिकवली, कुठला गाळ हलवला, खाडीतल्या मासळीचं काय केलं, हे एका वहीत कुणी लिहीत नाही. आणि त्याच सह्याद्रीच्या कुशीतल्या धनगरवाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर चढतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या तालुक्यात.

मी पतपेढीत कर्ज विभागाला आहे, त्यामुळे माझ्या डोक्यात सगळं जमा-खर्चातच येतं. आणि बरीच वर्षं कर्जाचे अर्ज वाचून माझं एक मत पक्कं झालंय, की आमच्या खोऱ्यात जी काही प्रगती झाली तिची जमा एका ठिकाणी लिहिली जाते आणि खर्च दुसऱ्याच ठिकाणी पडतो, आणि दोन्ही पानं एकत्र ठेवून बेरीज करायचं काम कुणाकडेच नाही. वीज ऊर्जा खात्याची, धरण पाटबंधाऱ्याचं, कारखाना उद्योग खात्याचा, डोंगर खाजगी मालकाचा, पूर नगरपरिषदेचा आणि मासा मत्स्य खात्याचा. नदी मात्र एकच. तिवऱ्याच्या बाजूला डोंगरात सुरू होते आणि दाभोळ-अंजनवेलला समुद्राला मिळते, सह्याद्रीचा माथा ते समुद्र हे सरळ अंतर जेमतेम 50-60 किलोमीटर. एवढ्याशा अंतरात वरच्याने काही केलं की खालच्याला ते त्याच आठवड्यात कळतं.

आमचे हे लोट्याला एका केमिकल कंपनीत ईटीपीवर आहेत. म्हणजे कारखान्याचं घाण पाणी साफ करायचा जो प्लांट असतो तिथे. आमचं घर, मुलांची शिक्षणं, सगळं त्याच पगारावर झालंय. लोटे-परशुराम एमआयडीसी येण्याआधी इकडच्या गावांचं काय होतं ते माझ्या सासूबाईंकडून ऐकलंय, घरातला कर्ता माणूस मुंबईला गिरणीत, गणपती-शिमग्याला यायचा, आणि घर चालायचं मनीऑर्डरवर. बायका एकट्या शेती ओढायच्या. त्यामुळे कारखाने नकोतच असं कुणी म्हणालं की मी गप्प बसत नाही. नवऱ्यासोबत एका घरात राहायला मिळणं ही काय छोटी गोष्ट आहे का.

पण ह्यांनीच मला एक हिशोब शिकवला. रॉजर शेल्डन नावाच्या केमिस्टने 1992 मध्ये एक साधं माप मांडलं, ई-फॅक्टर. एक किलो माल बनवताना किती किलो कचरा तयार झाला, बस एवढंच. पेट्रोलच्या रिफायनरीत तो किलोच्या दहाव्या भागाइतका असतो, पण फाइन केमिकलमध्ये 5 ते 50 किलो आणि औषधांमध्ये 25 पासून 100 च्या वरही जातो. मी दोनदा विचारलं, एका किलोमागे शंभर? हे म्हणाले हो, कारण एकेका औषधाला सात-आठ स्टेप असतात आणि प्रत्येक स्टेपला सॉल्व्हंट, धुण्याचं पाणी, मीठ, सगळं बाहेर पडतं. नवा कॅटॅलिस्ट सापडला की दोन स्टेप वाचतात, सॉल्व्हंट परत गोळा करून वापरला की पैसाही वाचतो आणि पाणीही कमी घाण होतं. म्हणजे डोकं लावलं तर कारखान्याचा फायदा आणि खाडीचा फायदा एकाच कामात होऊ शकतो. ह्यांच्या मते खरी हुशारी प्लांटच्या आत, रिअ‍ॅक्टरपाशी लागते. शेवटी ईटीपीच्या टाकीत जे येतं ते आधीच हाताबाहेर गेलेलं असतं, मग एरेशन करा, स्लज काढा, एमईईमध्ये वाफ करून आटवा, विजेचं बिल वाढत जातं. सीओडी, म्हणजे पाण्यात किती घाण उरली त्याचं माप, लिटरला 250 मिलिग्रॅमच्या खाली आणायचा हे ऐकायला सोपं आहे. रात्रीच्या पाळीत एखादा बॅच बिघडून एकदम जाड पाणी आलं की त्या माणसाची काय तारांबळ उडते ते मी घरी आलेल्या चेहऱ्यावर बघितलंय.

आता याच्याच खालच्या टोकाला काय आहे ते. लोट्याचं प्रक्रिया केलेलं पाणी पाइपलाइनने करंबवण्याच्या खाडीत सोडलं जातं. माधव गाडगीळांच्या पश्चिम घाट तज्ज्ञ गटाचा 2011 चा अहवाल आला त्यात लोट्यावर सविस्तर लिहिलंय, गावांच्या तक्रारी, मेलेले मासे, सगळं. गाडगीळांनी एक आकडा वारंवार मांडला, की इथल्या कारखान्यांत 11,000 लोकांना काम मिळालं आणि खाडी बिघडल्यामुळे 20,000 मच्छीमारांचं काम गेलं. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्यातल्या कर्ज विभागाला लगेच दिसलं, की त्या 11,000 लोकांची पगारपत्रकं आहेत, पीएफचे नंबर आहेत, त्यांना कर्ज द्यायला आम्हाला अर्धा तास लागतो. 20,000 लोकांचा मात्र एक कागद नाही. ज्याचं काम कागदावर कधी नव्हतंच त्याचं काम गेलं हे तरी कागदावर कसं येणार?

खाडीपट्ट्यातल्या एका भोई काकांना आम्ही होडीच्या इंजिनासाठी कर्ज दिलेलं. हप्ते थकले म्हणून मी आणि आमचे वसुलीवाले भाऊ त्यांच्याकडे गेलो. काकांनी चहा ठेवायला सांगितला आणि मला अंगणात बांबूवर वाळत घातलेल्या जाळ्यापाशी नेलं. नायलॉनचं बारीक आसाचं जाळं, खालच्या कडेला शिशाच्या गोळ्या. म्हणाले, "ताई, हात लावून बघा, मग नाकाशी धरा." मी धरलं. माशाचा वास नव्हता. औषधाच्या दुकानात एखादी बाटली फुटल्यावर येतो तसला काहीतरी उग्र वास, आणि बोटांना बुळबुळीत तेलकट लागत होतं. "खाऱ्या पाण्यात आपटून झालं, उन्हात घालून झालं, आठ दिवस जात नाय हा. पाण्यावर तवंग दिसला की जाळं वर घ्यायचं न् घरी यायचं." मग इंजिनाबद्दल विचारलं तर म्हणाले, "म्हावरं गेलं नाय ताई, लांब गेलंय. आधी दारात पाग टाकला तरी कालवणापुरतं मिळायचं. बोय, काळुंदर, शेंगटी. आता दाभोळच्या तोंडापर्यंत इंजिन मारत जायला लागतं, निम्मे पैसे डिझेलात."

मी त्या कर्जाची फाइल परत काढून बघितली. त्यात उद्देश लिहिलेला, उत्पादकता वाढवण्यासाठी. आणि खरंच वाढलेली, होडी पूर्वीपेक्षा चौपट लांब जात होती. एका किलो मासळीमागे जळणारं डिझेलही वाढलेलं, पण आमच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता. जिल्ह्याच्या आकड्यांत ते इंजिन यांत्रिकीकरण म्हणून जमा झालं असेल. काकांच्या घरी ते कर्ज म्हणून आहे.

हे सगळं फक्त कारखान्यांवर ढकलून चालणार नाही, डोंगराकडेही बघायला लागेल. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात जंगल जवळपास सगळं खाजगी मालकीचं, सरकारी जंगल नावापुरतं. मालक मुंबईला, भावाभावांत सातबारा अडकलेला, आणि मग कुणीतरी ठेकेदार येऊन म्हणतो एवढे देतो, सगळं साफ करून देतो. कुंभार्ली घाट चढून जाणारे लाकडाचे ट्रक आम्ही सगळेच बघतो. लाकूड गेलं की जेसीबी येतो, वरकस डोंगराला टप्पे पाडतो, काजू-आंब्याची कलमं लागतात, त्यालाही आम्हीच कर्ज देतो. कलमं लावण्यात वाईट काही नाही. पण जून महिन्यात तो उघडा पडलेला टप्पा पहिल्या चार पावसांत अर्धा खाली येतो आणि येऊन बसतो कुठे, तर चिपळुणात, कारण डोंगरावरून धावत आलेली नदी तिथे एकदम सपाटीला लागते आणि पुढून भरतीचं पाणी तिला अडवतं. गाळ टाकायला नदीला याहून चांगली जागा नाही.

22 जुलै 2021. ज्याने ते पाणी बघितलं त्याला वेगळं सांगायला नको आणि ज्याने नाही बघितलं त्याला सांगून कळणार नाही. पाणी ओसरल्यावर आमच्या शाखेचं शटर उघडलं तर चिखल आतून दरवाज्याला टेकून उभा. लेजर, व्हाउचर, सभासदांची पासबुकं, सगळी एकमेकांना चिकटून वीट झालेली. आम्ही बायकांनी ती एकेक पान सोडवत दोरीवर वाळत घातली, खाली टेबल फॅन लावून. शाईच्या पेनाने केलेल्या जुन्या सह्या पुसून गेल्या, बॉलपेनच्या टिकल्या. आणि पानापानात बसलेला तो गाळ. मी बोटांत घेऊन चोळला, लालसर, रवाळ. खाडीचा चिखल काळा आणि गुळगुळीत असतो, लहानपणापासून पाय त्यातच भरलेत. हा वरच्या डोंगराचा होता. ज्या डोंगराच्या सपाटीकरणाची प्रकरणं त्याच कपाटात होती त्यातलाही थोडा असेल.

नंतर वाद बरेच झाले, पाणी धरणातून सोडलं म्हणून पूर आला, नाही पाऊसच तेवढा होता, नाही भरती होती. माझं म्हणणं, तिन्ही गोष्टी एकाच खोऱ्यातल्या आहेत ना, मग त्या तिघांचं एक वेळापत्रक का नाही? भरती कधी आहे हे पंचांगात सुद्धा कळतं, पाऊस किती पडतोय ते मोजणारी यंत्रं आता गावोगाव लागू शकतात, धरणात किती पाणी आहे ते तर तासातासाला माहीत असतं. नंतर लोकांनी गाळ काढण्यासाठी साखळी उपोषण केलं, नाम फाउंडेशन आली, सरकारी मशीनं आली, वाशिष्ठी आणि शिव नदीतून भरपूर गाळ निघाला. त्याचा उपयोग झाला, नक्की झाला. पण वर टप्पे पडतच आहेत, महामार्गासाठी परशुराम घाटात कापलेला डोंगर पावसाळ्यात खाली येतच असतो, आणि गाळ काढायचं बिल दर वेळी शहराच्या नावावर. पूररेषा आखली, निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची, आणि आमची बाजारपेठ त्यात सापडली. आता तिथे घराला कर्ज द्यायचं का हा प्रश्न माझ्या टेबलावर येतो. डोंगरावर मात्र कुणी एक साधी रेषा आखली नाही, की इथून वर जेसीबी नको.

शेजारी संगमेश्वर तालुक्यात एक काम झालंय ते मला फार आवडतं. पुण्याची एईआरएफ ही संस्था तिथे जंगल मालकांशी करार करते, झाडं तोडायची नाहीत आणि त्याचा मोबदला घ्यायचा. बेहड्याची जुनी झाडं असतात ना, उंच, पोकळ ढोल्यांची, त्यांच्यात महाधनेश अंडी घालतो, आणि ती झाडं लाकडाच्या भावात पडेल किमतीला जायची. त्यांनी बेहड्याच्या आणि हिरड्याच्या फळांना फेअरवाइल्डचं प्रमाणपत्र मिळवलं, फळ नीट गोळा करायचं, पक्ष्यांसाठी मागे ठेवायचं, नीट वाळवायचं, मग ते परदेशी औषधी कंपन्यांना चांगल्या भावाने जातं. एकदाच तोडून मिळणारे पैसे आणि दरवर्षी वेचून मिळणारे पैसे, मालकाला दोन्ही समोर ठेवून दाखवता आले. मी याला खरं इनोव्हेशन म्हणते. नवीन मशीन नाही, नवीन ॲप नाही, पण उभ्या झाडाला पहिल्यांदा उत्पन्न आलं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेलं जलकुंड पण तसंच, कातळाजवळ छोटा खड्डा, आत प्लास्टिक, आणि पहिली दोन-तीन वर्षं कलमांना उन्हाळ्यात द्यायला पाणी. स्वस्त आणि आपल्या जमिनीला ओळखणारं.

मला विचाराल तर पहिलं काम मापाचं आहे. मोठ्या प्रदूषणकारी कारखान्यांना आणि सामाईक प्लांटला 2014 पासून ऑनलाइन मॉनिटर बसवायला लावलेत, तो आकडा थेट प्रदूषण मंडळाला दिसतो. चांगलंच आहे. पण तो मॉनिटर बसतो पाइपच्या तोंडाशी. एक खाडीत बसवा, करंबवण्याला, एक दाभोळला, आणि त्याचा आकडा भोई काकांच्या मोबाइलवर येऊ दे, कारण जाळं टाकायचं की नाही हे त्यांना ठरवायचंय. कोळकेवाडीतून पाणी कधी सोडणार तेही त्याच मोबाइलवर. आणि मग वर्षाच्या शेवटी वीज किती बनली, माल किती निघाला, कलमं किती लागली यांच्या खालीच त्याच पानावर लिहा, खाडीत मासळी किती आली आणि शहरातून गाळ किती ट्रक निघाला. खालच्या दोन ओळी बिघडल्या तर वरच्या ओळींना वाढ म्हणायचं नाही. एवढं तरी आपण करू शकतो, बोगद्यातून तळं फोडून पाणी काढणाऱ्या राज्याला हे अवघड नाही.

माझ्या हातात खोरं नाही, एक फॉर्म आहे. आमच्या संचालक मंडळासमोर मी असं मांडलंय की लघुउद्योग, हॉटेल, सर्व्हिसिंग सेंटर, सपाटीकरण, यांच्या कर्जाच्या अर्जात दोन रकाने वाढवा: वापरलेलं पाणी कुठे जाणार, आणि उकरलेली माती कुठे जाणार. एक संचालक म्हणाले लोक दुसऱ्या पतपेढीत जातील. दुसरे म्हणाले 2021 ला बुडालेली कर्जं कुठली होती ती यादी काढा मग बोलू. यादी मी काढलीये, बरीचशी बाजारपेठेतली आहेत.

तोपर्यंत पेन्सिलने मीच ते दोन प्रश्न अर्जाच्या मार्जिनला लिहून विचारते. परवा मार्गताम्हान्याच्या बाजूची एक मुलगी काजू प्रक्रियेच्या युनिटसाठी आली, बचत गटातली. तिला पाण्याचं विचारलं तर तिने आधीच ठरवलेलं, बॉयलरचं पाणी गार करून परसातल्या माडांना, टरफलं तेलवाल्याला, आणि बोंडं, जी सगळीकडे झाडाखाली कुजून जातात, त्यांचं सरबत करायचंय म्हणून जास्तीचे पैसे हवे होते. मातीचा प्रश्न आला तेव्हा ती थांबली. शेड डोंगराच्या कडेला येणार होती आणि उकरलेली माती खालच्या पऱ्यात लोटायची असं जेसीबीवाला म्हणालेला. मी तिला म्हटलं, खाली दगडाचा पेर, म्हणजे बांध, घाल आणि माती तिथेच अडव, त्याचा खर्च कर्जात धर. रक्कम थोडी वाढली, हप्ता थोडा वाढला, तिने घरी विचारून हो म्हटलंय. सोमवारी तिचं प्रकरण कर्ज समितीपुढे आहे, शिफारशीत मी पेराचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवलाय, आणि समितीने तो काटायला सांगितला तर का नको ते मी तिथेच उभी राहून सांगणार आहे.